घरची पोअर ओव्हर कॉफी : फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे नुकसान ओळखण्याची सोपी चाचणी

कर्नाटकातील कोडगू, चिक्कमगळूरू व हासन हे देशातील प्रमुख कॉफी उत्पादक जिल्हे आहेत. तेथील अनेक बागायतदार कॉफी न भाजता विकतात. त्यामुळे बागेतील किडीचा चवीवर काय परिणाम झाला, हे त्यांना कळत नाही. दूध, साखर व चिकोरी घातलेल्या कॉफीत दोष झाकले जातात. गाळणकागदावरील पुडीवर गरम पाणी ओतून केलेल्या काळ्या कॉफीत, म्हणजेच पोअर ओव्हरमध्ये, ते स्पष्ट जाणवतात.

किडीची ओळख

फळ पोखरणारा भुंगेरा (हायपोथेनेमस हँपेई) भारतात प्रथम १९९० मध्ये निलगिरीतील गुडलूर भागात आढळला. सुमारे दीड मिलिमीटर लांबीची काळी मादी फळाच्या टोकाला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पाडून आत शिरते व बीमध्ये अंडी घालते. अळ्या बी आतून खातात. दाण्याचे वजन घटते आणि छिद्रातून बुरशीला वाट मिळते.

चाचणीची पद्धत

१. वाळवून सोललेल्या दाण्यांतून निरोगी व छिद्रे पडलेले दाणे प्रत्येकी ५० ग्रॅम वेगळे करावेत. बुरशी दिसणारे दाणे चाचणीत घेऊ नयेत.

२. दोन्ही भाग जाड बुडाच्या कढईत सतत हलवत, एकसारख्या तपकिरी रंगावर स्वतंत्रपणे भाजावेत. पोखरलेले दाणे लवकर करपतात. म्हणून आच मंद ठेवावी.

३. दुसऱ्या दिवशी दाणे जाडसर रव्याप्रमाणे दळावेत. पूड फार बारीक झाल्यास पाणी तुंबते व कॉफी कडू होते.

४. गाळणकागद शंकूत बसवून गरम पाण्याने धुवावा, म्हणजे कागदाचा वास उतरत नाही. ते पाणी टाकून द्यावे.

५. कागदात १५ ग्रॅम पूड घ्यावी. उकळी आल्यावर अर्धा ते एक मिनिट थांबवलेले ४० मिलिलिटर पाणी ओतून ३० सेकंद थांबावे. या वेळी भाजणीत साठलेला कार्बन डायऑक्साइड निघून पूड फुगते व पुढचे पाणी सर्वत्र सारखे भिनते.

६. उरलेले २०० मिलिलिटर पाणी बारीक धारेने, गोलाकार ओतावे. एकूण वेळ सुमारे ३ मिनिटे असावा. दोन्ही नमुन्यांसाठी वजन, पाणी व वेळ सारखेच ठेवावेत.

निष्कर्ष कसा काढावा

दोन्ही कप कोमट झाल्यावर, साखर न घालता चाखावेत. निरोगी दाण्यांची चव स्वच्छ लागते. अधिक पोखरलेल्या दाण्यांची कॉफी पाणचट, उग्र किंवा कुबट लागू शकते. एखादेच छिद्र असल्यास फरक जाणवेलच असे नाही. ही चाचणी प्रयोगशाळेतील चव-परीक्षणाला पर्याय नाही. मात्र कोणत्या खंडातील माल वेगळा ठेवावा, हे ठरवण्यास ती उपयोगी पडते.

बागेतील उपाय

तोडणीवेळी झाडाखाली चटया अंथराव्यात. तोडणीनंतर झाडावर राहिलेली व जमिनीवर गळालेली फळे वेचून घ्यावीत. याच फळांत कीड पुढील हंगामापर्यंत तग धरते. किडलेली फळे उकळत्या पाण्यात बुडवून मगच वाळवावीत. माल शिफारस केलेल्या ओलाव्यापर्यंत नीट वाळवूनच साठवावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावबैठकीत हे दोन कप शेजारी ठेवून चाखण्यास द्यावेत. गळालेली फळे का वेचायची, हे बागायतदारास स्वतःच्या जिभेने पटते.