तेलाचा डबा की डबाभर तेल?



छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो. समजा, तुम्ही त्या बाजारात गेलात आणि 'तेलाचा डबा केवढ्याला?' असे विचारलेत. किराणा दुकानदार तुम्हांला तेलाने भरलेल्या डब्याचा भाव सांगेल. पत्र्याचे रिकामे डबे विकणारा मात्र नुसत्या डब्याची किंमत सांगेल. शब्द तेच, पण वस्तू दोन! तरीही घोटाळा होत नाही, कारण प्रश्न कोणाला विचारला यावरून ऐकणारा अर्थ ओळखतो.

आता हाच प्रश्न इंग्रजीत विचारून पाहा. येथे आधी ठरवावे लागते, की आपल्याला तेल हवे आहे की डबा. तेल हवे असेल तर 'अ टिन ऑफ ऑइल' म्हणावे. तेल ठेवण्यासाठी डबा हवा असेल तर 'ॲन ऑइल टिन' म्हणावे. पहिल्या रचनेत डबा हे तेलाचे माप आहे आणि डब्यात तेल आहेच. दुसऱ्या रचनेत शेवटचा शब्द मुख्य असतो. आधीचा शब्द फक्त डबा कशासाठी आहे ते सांगतो. आत तेल असेल किंवा नसेलही. म्हणूनच काडेपेटीतली शेवटची काडी संपली, तरी ती 'मॅचबॉक्स'च राहते.

या दोन रचना ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे क्रियापद. आपण काय पितो? 'अ कप ऑफ टी'. हातातून पडून काय फुटते? 'अ टीकप'. 'मी टीकप प्यालो' असे इंग्रजीत म्हटले, तर तुम्ही चिनी मातीच प्यालात असा अर्थ होईल! आणखी एक चूक टाळा. 'चहाचा' मधील 'चा' पाहून पुष्कळ विद्यार्थी 'टीज कप' असे लिहितात. ही रचना येथे चालत नाही.

मग मराठीत हा भेद दाखवताच येत नाही का? येतो. आपला 'भर' हा प्रत्यय आठवा : कपभर चहा, तांब्याभर पाणी, मूठभर दाणे. 'डबाभर तेल' म्हटले, की शंकेला जागाच उरत नाही. इंग्रजीतही असेच 'फुल' आहे. चमचाभर म्हणजे 'स्पूनफुल' आणि दोन चमचे भरून म्हणजे 'टू स्पूनफुल्स'.

क्रियापदाच्या रूपाकडेही लक्ष द्या. 'दुधाच्या दोन बाटल्या सांडल्या' येथे क्रियापद बाटल्यांप्रमाणे चालते. 'दोन बाटल्या दूध सांडले' येथे ते दुधाप्रमाणे चालते. इंग्रजीत मात्र 'टू बॉटल्स ऑफ मिल्क' म्हटले, की क्रियापद बाटल्यांप्रमाणे अनेकवचनी येते : 'वेअर'. मराठीचा नियम इंग्रजीला लावला, की येथे हमखास चूक होते.

भांडे हेच माप मानण्याची आपली पद्धत जुनी आहे. चार शेरांची एक पायली. पायलीभर ज्वारी म्हणजे ते माप भरून ज्वारी. परंतु गावोगावचा शेर सारखा नसे. 1956 च्या कायद्याने देशात दशमान मापे आली, ती हा गोंधळ दूर करण्यासाठीच.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. औषधाच्या बाटलीवर 'वन टीस्पूनफुल' असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ 5 मिलिलिटर. ते तुमच्या घरातल्या कोणत्याही चमच्याचे नाव नव्हे. 'टेबलस्पून' म्हणजे साधारणपणे 15 मिलिलिटर, तर ऑस्ट्रेलियातील पाककृतींत तो 20 मिलिलिटरचा असतो. 'टी' आणि 'टेबल' यांची गल्लत झाली, तर रोग्याला तिप्पट औषध जाईल! म्हणून औषध नेहमी त्याबरोबर मिळालेल्या मापानेच घ्यावे.

करून पाहा : घरातील एका चमच्याने 10 चमचे पाणी मोजपात्रात ओता. पात्रावरील आकड्याला 10 ने भागा. तुमच्या चमच्यात किती मिलिलिटर पाणी मावते ते कळेल. दुसरा चमचा घेऊन पुन्हा मोजा. दोन्ही उत्तरे सारखी आली का? प्रयोगवहीत 'एक चमचा' असे न लिहिता मिलिलिटर का लिहावे, हे तुमचे तुम्हांलाच पटेल.

इंग्रजीत सांगा : ठळक शब्दांसाठी योग्य रचना निवडा.

1. मी दोन कप चहा घेतला.
2. धुताना चहाचे दोन कप फुटले.
3. झाडाला बादलीभर पाणी घाल.
4. दुधाची रिकामी बाटली परत दे.

उत्तरे : (1) टू कप्स ऑफ टी (2) टू टीकप्स (3) अ बकेट ऑफ वॉटर किंवा अ बकेटफुल ऑफ वॉटर (4) दी एम्प्टी मिल्क बॉटल