पट्टा किती ताणावा?

शिवथरघळीची सहल आटोपून महाडकडे परतताना वाटेत एखादी भातगिरणी दिसली, तर क्षणभर दाराशी थांबा. एकीकडे मोटर, दुसरीकडे गिरणी आणि मध्ये नुसता चपटा पट्टा. त्याला ना दाते, ना खिळे. तरी मोटरची शक्ती तो पलीकडे पोचवतो. घर्षणामुळे, हे तुम्ही लगेच सांगाल. मग पट्टा जितका घट्ट तितका चांगला, असे म्हणायचे का?

आधी एक प्रयोग करा. पक्क्या बसवलेल्या गुळगुळीत आडव्या दांडीवरून दोरी टाका. एका टोकाला एक किलोग्रॅमचे वजन बांधा, दुसरे टोक हाताने धरा. आता दांडीला आणखी एक पूर्ण वेढा द्या. तेच वजन एका बोटाने तोलता येते! घर्षणांक ०.३ असेल, तर अर्ध्या वेढ्यात दोन्ही टोकांच्या ताणांचे गुणोत्तर सुमारे २.६ पर्यंत जाते. दीड वेढ्यात ते १७ च्या घरात पोचते.

पुलीवर पट्ट्याचा साधारण अर्धाच वेढा असतो. समजा, मोटर साडेसात किलोवॉटची (१० अश्वशक्ती) आहे आणि पट्टा सेकंदाला १५ मीटर धावतो. शक्तीला वेगाने भागले की ५०० न्यूटन येतात. हा दोन बाजूंच्या ताणांतील फरक. गुणोत्तर २.६ धरले, तर ढिल्या बाजूत सुमारे ३१० आणि ताठ बाजूत ८१० न्यूटन ताण हवा. म्हणजे बेअरिंगांवर एकूण ११२० न्यूटनांचा, जवळजवळ ११५ किलोग्रॅम वजनाइतका भार येतो.

पट्टा याहून सैल असला, तर तो घसरतो, तापतो आणि झिजतो. याहून घट्ट केला, तर गिरणीला शक्ती तेवढीच मिळते; बेअरिंगे मात्र लवकर जातात. म्हणून जाणता गिरणीवाला पट्टा उगाच आवळत नाही. तो पट्ट्याला राळ लावून घर्षण वाढवतो. ढिली बाजू वर ठेवली, तर ती झोळ खाऊन पुलीला अधिक वेढते, हाही एक फायदा.

ताणाइतकीच सरळ रेषा महत्त्वाची. गिरणी बंद करून सारख्या रुंदीच्या दोन्ही पुल्यांच्या कडांना दोरी ताणून लावा. ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. पुलीचा मधला भाग किंचित फुगीर ठेवतात, कारण चपटा पट्टा उंच भागाकडे चढतो व मध्यावर राहतो. पण पुल्या फार वाकड्या असल्या, तर तो उतरतोच. चालू पट्ट्याजवळ हात किंवा ओढणी कधीही नेऊ नका.

मोटारसायकलीला बहुधा साखळी असते, काहींना दातेरी पट्टा. तिथे घर्षणाचा प्रश्न नाही. पण पट्टा सैल असला, तर वरंधा घाटाच्या चढावर तो दाते ओलांडू शकतो. ताण बदलताना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवावेत, नाहीतर चाक तिरपे बसते. आस आवळल्यावर ताण पुन्हा तपासावा, कारण आवळताना तो बदलतो.

आता तुमच्यासाठी गणित: दमट हवेत गुणोत्तर १.९ वर आले, तर त्याच मोटरसाठी दोन्ही ताण किती लागतील? बेअरिंगांवरचा भार किती वाढेल?