जुन्या जाळीची नवी वीण

(पाठपरिचय : शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेला विणकामाचा नमुना आज जसाच्या तसा विणता येतो का? येत नसेल तर त्यात काय बदलावे आणि काय तसेच ठेवावे? या पाठात लेखिकेने जुन्या पुस्तकांच्या आणि आपल्या आईच्या वहीच्या आधारे हे सांगितले आहे.)



'विणणे' हा शब्द ऐकला की मालेगाव-भिवंडीच्या मुलांच्या डोळ्यांसमोर यंत्रमाग उभा राहतो. मागावर उभे आणि आडवे असे दोन प्रकारचे धागे लागतात. ताना आणि बाना हे शब्द तुम्ही घरात ऐकलेच असतील. पण दोन सुयांवर स्वेटर विणतात त्यात ताना नसतो आणि बानाही नसतो. एकच धागा असतो. एका फासातून दुसरा फास ओढायचा, एवढेच काम. म्हणून तर स्वेटरचा एक टाका तुटला की खालपर्यंत उसवत जातो. मराठीत या दोन्ही कामांना 'विणकाम' म्हणतात. आज आपण सुईच्या विणकामाबद्दल, आणि त्यातही जाळीच्या विणीबद्दल वाचणार आहोत.

जाळी कशी पडते? सुईवर धाग्याचा नुसता एक वेढा घेतला की तेथे भोक तयार होते. पण त्याबरोबर एक टाका वाढतो. तो वाढलेला टाका कुठेतरी कमी करावा लागतो. नाहीतर कापड पसरत जाईल. म्हणून जवळपास दोन टाके एकत्र विणतात. जितके वेढे तितके जोड. जाळीचे सगळे नक्षीकाम या एका हिशेबावर उभे आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात शेटलंड नावाची बेटे आहेत. त्यांतील अन्स्ट हे सर्वांत उत्तरेचे वस्ती असलेले बेट. तेथे झाडे फार कमी, वारा फार, आणि मेंढ्या पुष्कळ. तेथील स्त्रिया मेंढीच्या मानेजवळची मऊ लोकर हाताने उपटून काढीत, तिचे केसासारखे बारीक सूत कातीत आणि त्याच्या शाली विणीत. अशी मोठी चौकोनी शाल लग्नातल्या अंगठीतून आरपार ओढता येत असे, म्हणून तिला अंगठीची शाल म्हणू लागले. १८५१ साली लंडनला जे मोठे प्रदर्शन भरले, त्यात शेटलंडच्या शालीही मांडल्या होत्या.

या स्त्रियांना मजुरी किती मिळे? पुष्कळदा पैसे मिळतच नसत. व्यापारी शाल ठेवून घेई आणि बदल्यात दुकानातला चहा किंवा कापड देई. ही तक्रार इतकी वाढली की सरकारने चौकशी नेमली. तिचा अहवाल १८७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात विणणाऱ्या स्त्रियांच्या जबान्या आहेत. घरात पीठ नसताना हातात चहाची पुडी घेऊन परतणाऱ्या बाईची कल्पना करून पाहा. शालींवर तर त्यांची नावे नसतच. नमुने त्यांनी कागदावर उतरवलेही नाहीत. आईच्या हातावरून मुलीच्या हातात ते आले.

नमुने छापले ते दुसऱ्यांनी. एडिंबरो शहरात जेन गॉगेन नावाच्या बाईंचे विणकामाच्या सामानाचे दुकान होते. त्यांनी १८४० साली विणकामाचे पुस्तक काढले. लंडनच्या मिस लॅम्बर्ट यांचे पुस्तक १८४३ साली आले. पुढे अशी पुस्तके भराभर निघाली. रिचर्ड रट नावाचे एक बिशप होते; त्यांना विणकामाची फार आवड. १९८७ साली त्यांनी हातविणकामाचा इतिहास लिहिला. त्यांनी जमवलेली जुनी पुस्तके इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाकडे आहेत आणि त्यांतील कितीतरी आता संगणकावर कोणालाही वाचता येतात. मीही तेथेच ती वाचली.

वाचली खरी, पण विणायला बसले तेव्हा फजिती झाली. नमुन्यात जागोजागी 'मेक वन', म्हणजे 'एक टाका करा', असे होते. आजच्या पुस्तकांत याचा अर्थ असा, की दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून, पीळ देऊन विणायचा, म्हणजे भोक न पडता टाका वाढतो. मी तसेच केले. टाक्यांची संख्या प्रत्येक ओळीत बरोबर आली. मात्र सारी संध्याकाळ विणून जाळीचे एकही भोक पडले नाही! जुन्या पुस्तकांत 'मेक वन' म्हणजे सुईवर धाग्याचा वेढा, हे मला नंतर कळले. शब्द तोच, अर्थ निराळा. तुम्हांला हा अनुभव नवा नाही. उर्दूतला 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीत मात्र 'शिकस्त करणे' म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा करणे. वाक्य न पाहता अर्थ लावला तर हरलेला कोण आणि झटलेला कोण, तेच समजणार नाही.

सुईच्या नंबरांचा घोळ तर आणखी मोठा. जुन्या इंग्रजी पद्धतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १४ नंबरची सुई २ मिलिमीटरची, १० नंबरची ३.२५ मिलिमीटरची आणि ८ नंबरची ४ मिलिमीटरची. आपल्याकडे दुकानात 'दहा नंबरची सुई' मागतात ती याच पद्धतीची. अमेरिकेत उलटे आहे. तेथे १० नंबर म्हणजे ६ मिलिमीटरची जाड सुई! शिवाय तारेच्या जाडीचे नंबर ब्रिटनमध्ये कायद्याने एकसारखे झाले ते १८८४ साली. त्याआधी निरनिराळ्या मोजपट्ट्या चालत. मिस लॅम्बर्ट यांनी भोके पाडलेली एक मोजपट्टी वापरण्याचा आग्रह धरला होता, तो यामुळेच. काही नमुन्यांत तर 'बारीक सुई घ्या' एवढेच असते.

इतकी अपुरी माहिती का देत असत? याचे उत्तर मला जुन्या पुस्तकांत मिळाले नाही. माझ्या अम्मींच्या वहीत मिळाले.

अम्मी आता नाहीत. त्यांनी विणलेली एक पांढरी शाल आणि एक दुरेघी वही माझ्याजवळ आहे. वहीत उर्दूत एकच ओळ लिहिली आहे : 'लहरिया – तीन जोडे, छह बार जाली-सीधी, तीन जोडे.' बस्स. किती टाके घ्यावेत, सुई कोणती, उरलेल्या ओळी कशा, काहीच नाही. त्यांना सारे ठाऊक होते. विसरण्याजोगी ओळ तेवढी एकच होती. ती वही त्यांनी माझ्यासाठी लिहिलेली नव्हती.

मग मी हिशेब मांडला. तीन जोड्यांना सहा टाके, 'जाली-सीधी'चे सहा, पुन्हा तीन जोड्यांचे सहा. एकूण अठरा. सहा जोडांनी सहा टाके कमी होतात, सहा वेढ्यांनी सहा वाढतात. पुन्हा अठरा! ओळ बरोबर होती. उरलेल्या ओळी मी शालीलाच विचारल्या. खिडकीजवळ बसून, भिंग घेऊन, भोकांच्या दोन रांगांमधील टाके मोजले. प्रत्येक जाळीनंतर उजव्या बाजूस एक उठावदार रेघ होती. म्हणजे उलट बाजूने ती ओळ सुलट विणलेली होती. असा चार ओळींचा नमुना हाती आला :

पहिली ओळ – सर्व टाके सुलट.
दुसरी ओळ – सर्व टाके उलट.
तिसरी ओळ – तीन वेळा दोन टाके एकत्र. सहा वेळा एक वेढा व एक सुलट. तीन वेळा दोन टाके एकत्र.
चौथी ओळ – सर्व टाके सुलट.

हा नमुना मी जुन्या पुस्तकांतील नमुन्यांशी ताडून पाहिला आणि थक्क झाले. ही तर शेटलंडची 'ओल्ड शेल' नावाची प्रसिद्ध लाटांची वीण! ती आमच्या घरात कोणाच्या हातून आली, हे सांगायला आता कोणी नाही.

आजच्या विणणाऱ्यांना लांबलचक शब्दांपेक्षा चौकटींचा तक्ता सोपा वाटतो. प्रत्येक चौकट म्हणजे एक टाका. आणि आता गंमत ऐका. हा तक्ता खालून वर वाचतात. त्यात कापडाच्या उजव्या बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचतात, आपल्या उर्दूसारखी. मग कापड उलटवले की पुढची ओळ डावीकडून उजवीकडे वाचतात, मराठीसारखी. माझ्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या मैत्रिणीला हे जमायला आठवडा लागला. तुम्हांला पाच मिनिटे पुरतील.

आता मापाचे पाहू. अन्स्टच्या बाईसारखे सूत तुम्ही-आम्ही कातणार नाही. बाजारात मिळेल ती लोकर घेणार. म्हणून आधी अठरा टाक्यांचे दोन-तीन भाग विणून एक तुकडा करावा. सुईवरून काढल्यावर तो पिळलेल्या फडक्यासारखा दिसतो. घाबरू नये. तो ओला करून, टाचण्यांनी ताणून वाळवावा. शेटलंडमध्ये अख्खी शाल लाकडी चौकटीवर ताणून वाळवीत. वाळल्यावरच मोजावे. समजा, जाड लोकरीत एक भाग ११ सेंटिमीटर भरला आणि ओढणी ४५ सेंटिमीटर रुंद हवी आहे. चार भागांचे ४४ सेंटिमीटर झाले. अठरा चोक बहात्तर, अधिक दोन्ही कडांना तीन-तीन. ७८ टाके घ्यावेत. बारीक लोकरीत भाग ८ सेंटिमीटरचा भरला तर चार भाग पुरणार नाहीत. पाच घेतले तर कडांसह ९६ टाके होतील आणि ओढणी थोडी अरुंद होईल.

लोकर, सुई आणि माप बदलायला माझी हरकत नाही. पण काही जण नक्षीच 'सुधारतात'. जुन्या नमुन्यात सगळे जोड एकाच बाजूला झुकलेले दिसले की एका बाजूचे उलट दिशेला वळवतात, म्हणजे दोन्ही बाजू आरशासारख्या दिसतात. दिसते छान. तरी मला वाटते, छापण्यातली चूक आणि विणणारीची पसंती यांत फरक करायला हवा. हिशेब चुकत असेल, अठराचे एकोणीस होत असतील, तर ती चूक. ती दुरुस्त करावी. हिशेब जुळत असेल तर आधी मूळ पद्धतीने विणून पाहावे. त्यानंतरही बदल करावासा वाटला तर करावा, पण कोणता बदल केला ते कागदावर लिहावे. विणणारीचे नाव माहीत नसेल तर निदान गाव, पुस्तक आणि साल लिहावे. चहाच्या पुडीवर जिची बोळवण झाली, तिला आपण पुन्हा पुसून टाकू नये.

अम्मींच्या वहीत मी काहीच लिहिले नाही. वेगळ्या कागदावर चारही ओळी, तक्ता, सुईचा नंबर आणि मी घेतलेली जाड लोकर यांची नोंद केली आणि तो कागद वहीत ठेवला. तक्त्याची एक मोठी प्रत वर्गात लावली आहे. परवा एका मुलाने तिसरी ओळ उजवीकडून न अडखळता वाचली. चौथ्या ओळीलाही त्याने उजवीकडूनच सुरुवात केली, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली, "अरे, आता मराठी!"

शब्दार्थ
फास – धाग्याचा गोल वळसा. उसवणे – विणलेले किंवा शिवलेले सुटणे. जबानी – चौकशीत दिलेली माहिती. ताडून पाहणे – एकाशी दुसरे जुळवून पाहणे. बोळवण करणे – थोडेसे काही देऊन परत पाठवणे.

स्वाध्याय
१. मागावरचे विणकाम आणि सुईचे विणकाम यांत कोणता फरक आहे?
२. सारी संध्याकाळ विणूनही लेखिकेला जाळी का मिळाली नाही?
३. 'उरलेल्या ओळी मी शालीलाच विचारल्या,' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. एक भाग ९ सेंटिमीटरचा आहे आणि ओढणी ५४ सेंटिमीटर रुंद हवी आहे. कडांचे सहा टाके धरून एकूण किती टाके घ्यावे लागतील?
५. उर्दूत आणि मराठीत वेगळ्या अर्थाने वापरले जाणारे तीन शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.