अभ्यासपाठ : मतभेदात शांत राहणे



पाड्यावर लस द्यायला जाणाऱ्या कार्यकर्त्याला नकार देणारी एखादी आजी भेटतेच. "रात्री पोराला ताप भरला, तर तू थांबणार आहेस का?" असे ती विचारते. प्रश्न रास्त आहे. पण सकाळपासून डोंगर चढून थकलेल्या माणसाला तो टोचतो आणि त्याचा आवाज चढतो. या तिमाहीचा पाठ त्या चढलेल्या आवाजाविषयी आहे.

पाड्यांवरचे रुग्ण घेऊन आपल्यातले अनेकजण परळला केईएम किंवा टाटा रुग्णालयात येतात. तिथेच आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे. तिला ज्यांचे नाव आहे ते वाल्डेमार हाफकिन 1896 साली प्लेगची साथ पसरली तेव्हा मुंबईत आले. सरकारी पथके तेव्हा घरांची झडती घेत आणि रुग्णांना जबरदस्तीने हलवत. लोक इतके चिडले की ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. हाफकिन यांची लस मात्र ऐच्छिक होती. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे आगा खान यांनीही लोकांसमक्ष लस घेऊन आपल्या अनुयायांची भीती कमी केली. धाकाने जे होत नव्हते, ते अशा रीतीने थोडेथोडे होऊ लागले. "आधी मी" म्हणणाऱ्याशी भांडणे लोकांनाही जड जाते.

1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. खरी कसोटी मात्र त्यानंतर लागली. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी 107 जणांना लस टोचली गेली आणि त्यांतले 19 जण धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतली लस दिली होती. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

इथे थोडे थांबू या. एकोणीस घरांत माणूस गेले होते. अशा वेळी जाब विचारणाऱ्यांना "तुम्हाला शास्त्र काय कळते?" असे म्हणणे पाप ठरले असते, आणि खोटा दोष मुकाट्याने पत्करणेही सत्याला धरून झाले नसते. संयम म्हणजे गप्प बसणे, असा आपल्या मंडळ्यांत एक गैरसमज आहे. हाफकिन गप्प बसले नाहीत. बाटली परळहून निघताना दूषित होती की गावात उघडताना झाली, याच एका मुद्द्यावर वाद टिकून राहिला. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक झाला नव्हता, हे साक्षीतच आले होते. जुलै 1907 मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले आणि कलकत्त्याला कामावर परतले. परळची खुर्ची मात्र परत मिळाली नाही. संस्थेला त्यांचे नाव मिळायला 1925 साल उजाडले. शांतपणे मांडलेल्या सत्यालाही कधी कधी असा उशीर होतो, हे कार्यकर्त्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

आता चूक दाखवणाऱ्याविषयी. प्रेषितांची कृत्ये अध्याय 18 मध्ये अपुल्लोस सभास्थानात मोठ्या उत्साहाने बोलतो, पण त्याचे ज्ञान अपुरे असते. प्रिस्किल्ला व अक्विल्ला त्याला लोकांसमोर अडवत नाहीत. बाजूला घेऊन समजावतात. पाड्यावर याची गरज अधिक. सुईणीची किंवा भगताची चूक चार बायांसमोर काढली, तर सुधारणा बाजूलाच राहते आणि अपमान तेवढा लक्षात राहतो. ओट्यावर बसावे, चहा घ्यावा, मग "आई, एक विचारू का?" म्हणावे. तिने उलट आपलीच चूक दाखवली, तर वहीत तिच्यासमोर लिहून घ्यावी.

आणि त्या आजीच्या प्रश्नाला "हो, थांबतो" हे उत्तर खरोखर देता यावे, म्हणून लसीकरणाच्या दिवशी परतीच्या शेवटच्या गाडीचा हिशेब ठेवू नये. पाड्यावरच मुक्कामाची सोय आधी करावी.