पुट ऑफ की कॉल ऑफ? एका शब्दाने माझं खोबरं खवट केलं

धावड्यातल्या आपल्या दुकानातून आज व्यवहारातलं इंग्रजी शिकूया.

आधी माझी चूक सांगतो. दिवाळीच्या तोंडावर व्यापाऱ्याचा मेसेज आला: 'डिलिव्हरी पुट ऑफ टिल मंडे.' मी बीबीए झालेला, पण डोक्यात काय? लाइट ऑफ म्हणजे बंद, तसं डिलिव्हरी ऑफ म्हणजे रद्द! भोकरदनला जाऊन चढ्या भावाने खोबरं आणलं. सोमवारी टेम्पो दारात हजर! माल डबल, पैसा अडकला आणि उरलेलं खोबरं खवट झालं.

१. पुट ऑफ / कॉल ऑफ
पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे. पुट ऑफ असेल तर थांबा, कॉल ऑफ असेल तर दुसरी सोय बघा.

२. रन आउट / सोल्ड आउट
दोन्हीत माल संपतो. पण सोल्ड आउट म्हणजे विकून संपला. बिलाचा रोल आपण विकत नाही, वापरतो. म्हणून 'वी हॅव रन आउट ऑफ बिल रोल्स.' तिथे सोल्ड आउट चालणार नाही.

३. पे बॅक / पे ऑफ
२०,००० उसने घेतले, ५,००० परत केले, तरी 'आय पेड बॅक फाइव्ह थाउजंड' बरोबर. 'आय पेड ऑफ द लोन' मात्र कर्ज पूर्ण फिटल्यावरच म्हणायचं. अर्धं बाकी असताना तसं लिहिलं, तर समोरच्याला वाटेल तुम्ही हिशोब मिटवला म्हणताय. भांडण तिथूनच सुरू.

आता म्हणाल, एवढं पाठ कसं करायचं? अहो, ही गंमत आपल्या मराठीतही आहे. 'उधारी देऊन टाकली' म्हटलं की सुटल्यासारखं वाटतं. 'उधारी देऊन बसलो' म्हटलं की पस्तावा कळतो. देणं तेच, पण मागचा शब्द बदलला की अर्थ बदलला. इंग्रजीतही तसंच. ऑफ, आउट, बॅक यांचा अर्थ सुटा लावू नका. जोडी अख्खी वाचा, आणि वाक्यासकट वहीत लिहा.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातलं एक काम पुढे ढकललंय आणि एक रद्द झालंय, अशी दोन वाक्यं इंग्रजीत लिहा.

आणि मेसेजचा अर्थ पक्का कळला नाही, तर सरळ फोन लावा. विचारायची लाज परवडते, डबल माल नाही परवडत!