म्हाताऱ्या गाडीचा हिशेब

बैल थकला की कळते. नांगराला जुंपला की तो मध्येच बसतो. वैरण पुढे टाकली तरी तोंड लावत नाही. मग घरधनी म्हणतो, आता याला जुंपायचे नाही.

गाडीचे तसे होत नाही. गाडी आज बंद पडते. मिस्त्री येतो, पाना फिरवतो, हजार रुपये घेतो. गाडी चालू होते. आपण म्हणतो, झाली नीट. पंधरा दिवसांनी ती पुन्हा बंद पडते. असे करता करता वर्ष जाते. किती पैसे गेले ते कोणीच मोजत नाही.

या पाठात आपण ते मोजू. उदाहरण जीपगाडीचे घेऊ. तुमच्या घरी मोटारसायकल असेल. हिशेबाची रीत तीच.

आधी गाडीची तब्येत पाहू. ती धुरावरून कळते. डिझेलच्या गाडीतून निळसर धूर येत असेल तर इंजिनात ऑइल जळते आहे. बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. हा मोठा खर्च. काळा धूर येत असेल तर डिझेल पुरते जळत नाही. कधी हवेचा फिल्टर तुंबलेला असतो. कधी नोझल बिघडलेला असतो. हा खर्च त्या मानाने थोडा. काळा धूर पाहून कोणी "इंजिन गेलं" म्हणाला तर लगेच घाबरू नका. आणि पांढरा धूर? गार सकाळी थोडा पांढरा धूर आला तर चालते. पण इंजिन तापले तरी पांढरा धूर येतो आणि रेडिएटरमधले पाणी कमी होते, असे असेल तर पाणी इंजिनात शिरते आहे. मग हेड खोलावेच लागते.

धुरापेक्षाही महत्त्वाची गोष्ट खाली असते. ती म्हणजे गाडीचा सांगाडा. मिस्त्री लोक त्याला चेसी म्हणतात. सगळी गाडी चेसीवर उभी असते. पाटे चेसीला जिथे अडकवलेले असतात तिथे चिखल साठतो, आणि तिथेच गंज धरतो. कोकणात खाऱ्या हवेने तो लवकर धरतो. मिस्त्रीला तिथे डिसमिसने टोचून पाहायला सांगा. पत्रा टणक लागला तर ठीक. डिसमिस आत गेला तर त्या गाडीवर एक रुपयाही घालू नका. इंजिन झिजले तर ते पुन्हा बांधता येते. कुजलेल्या चेसीला ठिगळ लावता येते, पण भरल्या गाडीत उतारावर ते ठिगळ टिकेलच याची खात्री कोणी देत नाही.

आता हिशेब. समजा, एक घर आहे. आबा, आजी, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडे. दारात वीस वर्षांची जीप आहे. घरचा भाजीचा मळा आहे. आठवड्यातून दोनदा जीप भाजी घेऊन तालुक्याच्या बाजाराला जाते. ऐन हंगामात तिने निळा धूर सोडायला सुरुवात केली. मिस्त्रीने इंजिन उतरवून पाहिले. तो म्हणाला, "चेसी चांगली हाय. पर इंजिन बांधावं लागंल. पंच्याहत्तर हजार धरून चाला."

रात्री जेवणे झाल्यावर सगळे ओसरीवर बसले.

आबा म्हणाले, "गाडी इकायची न्हाई. याच गाडीतनं दोन्ही सुना घरात आल्या. दसऱ्याला आपण तिला झेंडूची माळ घालतो. दारची लक्ष्मी हाय ती."

धाकटा म्हणाला, "आबा, गेल्या साली एवढा खर्च केला. आता सोडली तर समदा पैसा पाण्यात जाईल की."

थोरल्या सुनेने वही काढली. ती दर खर्च मांडून ठेवी. ती म्हणाली, "मामंजी, वाचू का?"

तिने वाचले. क्लचप्लेट ९,५०० रुपये. ब्रेकचे काम ४,२०० रुपये. बॅटरी ६,८०० रुपये. रेडिएटरला डाग दिला त्याचे २,३०० रुपये. पाट्यांची पाने बदलली ती ५,२०० रुपये. एकूण झाले २८,००० रुपये. एका वर्षाचे.

आबा गप्प झाले. त्यांना वाटत होते, दहा-बारा हजार गेले असतील.

आता धाकट्याच्या बोलण्याकडे नीट पाहू, कारण निम्मी घरे इथेच अडकतात. २८ हजार घातले म्हणून आणखी ७५ हजार घालायचे का? ते २८ हजार गेले. गाडी ठेवली तरी परत येणार नाहीत, विकली तरी येणार नाहीत. तुम्ही शेतकरी आहात. पाऊस ओढ देतो, उगवलेले करपते आणि दुबार पेरणीची वेळ येते. त्या वेळी तुम्ही काय पाहता? आभाळ पाहता. पुढे पीक हाती लागेल का ते पाहता. "पहिले बी महाग पडले होते, म्हणून पुन्हा पेरतो," असे कोणी म्हणत नाही. गाडीलाही हाच नियम लावा. पुढचे पाहा.

पुढचे असे. गिऱ्हाईक आज आहे त्या स्थितीत जीपचे ९० हजार देतो. इंजिन बांधल्यावर तिचे १ लाख २० हजार येतील. म्हणजे ७५ हजार घालून किंमत वाढते ३० हजारांनी. विकण्यासाठी इंजिन बांधणे तोट्याचे, हे उघड झाले.

पण विकायचे नाही, वापरायचे असेल तर? मग वर्षाचा खर्च काढावा लागेल. बाजार जाऊन-येऊन ४० किलोमीटर. जीप लिटरला १० किलोमीटर जाते. एका खेपेला ४ लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरू. खेपेला ३६० रुपये झाले. वर्षाच्या १०० खेपा, म्हणजे ३६ हजार. दुरुस्ती २८ हजार. विमा ८ हजार. सगळे मिळून ७२ हजार. आणि गावातला छोटा टेम्पो भाड्याने केला तर? खेपेला ६०० रुपये. १०० खेपांचे ६० हजार.

तीन वर्षांपूर्वी याच जीपची वर्षाची दुरुस्ती १० हजारांत भागत होती. तेव्हा सगळा खर्च ५४ हजार होता. टेम्पोपेक्षा सहा हजारांनी कमी. तेव्हा जीप ठेवली हे बरोबरच होते. गाडी तीच आहे, वय बदलले आहे.

शिवाय ७५ हजार आणायचे कुठून? घरात नव्हते. थोरला म्हणाला, "शेकडा तीननं मिळत्यात." शेकडा तीन म्हणजे महिन्याला १०० रुपयांवर ३ रुपये. ७५ हजारांवर महिन्याला २,२५० रुपये नुसते व्याज. वर्षाचे २७ हजार. मुद्दल तसेच उभे. दुरुस्तीसाठी असे कर्ज काढणे म्हणजे दोन दुखणी एकदम ओढवून घेणे.

आणखी एक खर्च वहीत नव्हता. तो सरकारी पासिंगचा. घरगुती गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. नंतर गाडी तपासून दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. मोटारीसाठी हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० रुपये झाले. २० वर्षांवरील मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये केले. मोटारसायकलचे शुल्क कमी असते, पण तेही वाढलेच आहे. त्यावर पर्यावरण कर निराळा. शुल्क बदलत असते, म्हणून जाण्याआधी परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर चौकशी करा. एक गैरसमज मात्र काढून टाका. १५ वर्षे झाली म्हणून आपल्या राज्यात घरगुती गाडी मोडावीच लागते असे नाही. तपासणीत ती उतरली तर चालवता येते. कोणी भीती घालून स्वस्तात गाडी मागत असेल तर त्याला हे सांगा.

आजीची शंका राहिली होती. ती म्हणाली, "रातच्याला कुणाचं दुखलं-खुपलं तर? गाडी नसली तर काय करायचं?"

ही शंका खरी आहे. हिशेबाच्या वहीत ती मावत नाही. १०८ नंबर फिरवला तर रुग्णवाहिका फुकट येते. आपल्या राज्यात ही सोय २०१४ पासून आहे. पण आडगावात तिला यायला वेळ लागतो. म्हणून त्या घराने शेजारच्या गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवले. रात्री हाक मारली तर तो येईल, ठरलेले भाडे घेईल. ज्या गावात टेम्पो मिळत नाही, शेजारी गाडी नाही, तिथे हिशेब वेगळा होईल. तिथे जुनी गाडी दुरुस्त करणेच शहाणपणाचे ठरेल. आमचा आकडा तुमच्या घरी लावू नका. तुमचा तुम्ही काढा.

त्या घराची जीप एका मिस्त्रीने घेतली. त्याला ती परवडते, कारण इंजिन तो स्वतः बांधतो. मजुरी त्याच्या घरातच राहते. जीप निघाली तेव्हा आजीने बॉनेटला हळदकुंकू लावले. आबा मळ्यातून आलेच नाहीत.

गाडी दाराबाहेर गेली. पण व्यवहार संपला का? नाही. खरा धोका आता सुरू होतो. नवीन लिहा-वाचायला शिकलेल्या माणसाने पुढचा भाग दोनदा वाचावा.

जमीन विकली की आपण काय करतो? फेरफार करून घेतो. सातबारावर नाव कोणाचे, ते पाहतो. गाडीचेही तसेच आहे. गाडीचा सातबारा म्हणजे आर.सी. नोंदणीचे पुस्तक म्हणा, हल्ली कार्ड असते. त्यावर ज्याचे नाव, तो कायद्याने मालक. पैसे कोणी दिले, गाडी कोणाच्या दारात उभी आहे, हे कायदा आधी विचारत नाही.

एक खरा खटला सांगतो. एका माणसाने २००७ साली मोटार विकली. नाव बदलले नाही. ती मोटार एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी गेली. २००९ साली तिने अपघात केला. एक जण दगावला. भरपाई कोणी द्यायची? खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल लागला. कोर्टाने सांगितले, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक, भरपाई त्याने द्यायची. म्हणजे पहिल्या माणसाने. मोटार त्याच्या दारातून जाऊन किती दिवस झाले होते! विमा चालू असला तर भरपाईचा भार विमा कंपनी उचलते. पण विकलेल्या गाडीचा विमा कोण भरतो आहे, हे आपल्याला कसे कळणार?

म्हणून दलाल म्हणेल, "काका, इथं सह्या करा, बाकीचं मी बघतो," तेव्हा कागद हातात घ्या आणि वाचा. फॉर्म २९ म्हणजे गाडी विकल्याची खबर. फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. त्यात घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख भरली आहे का? जागा कोरी असेल तर सही करू नका. अंगठा तर मुळीच देऊ नका. तुम्हाला आता सही येते. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर १४ दिवसांत खबर द्यायची असते. घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. घेणाऱ्यावर विसंबू नका, आपली खबर आपण द्या आणि पोच घ्या. परराज्यातला गिऱ्हाईक असेल तर फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला लागतो. बँकेचे कर्ज फिटले असले तरी आर.सी.वरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो. काचेवरचा फास्टॅगही बंद करायला विसरू नका, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.

आता चेसी कुजलेल्या गाडीचे काय? ती रंग मारून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. ती भंगारातच जावी. पण रस्त्याकडेचा भंगारवाला गॅसने कापतो, रोख पैसे देतो आणि कागद देत नाही. गाडी मोडते, नंबर मात्र सरकारी दप्तरात जिवंत राहतो, तोही तुमच्या नावावर. त्या नंबरची पाटी दुसऱ्या गाडीला लागली तर पोलीस कोणाच्या दारी येतील? २०२१ सालच्या नियमांप्रमाणे गाडी मोडण्याची नोंदणीकृत केंद्रे निघाली आहेत. ती गाडी वजनावर घेतात आणि ठेव प्रमाणपत्र देतात. गाडी मोडल्याचा दाखलाही देतात. ठेव प्रमाणपत्र दाखवले तर नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते आणि करात सवलत मिळते. पैसे थोडे कमी मिळाले तरी तिथेच द्यावी, असे आमचे मत आहे.

करून पाहा

घरच्या गाडीची आर.सी. काढा. मोठ्याने वाचा. मालकाचे नाव कोणाचे आहे? नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत आहे? बोजा लिहिला आहे का? पुष्कळ घरांत नाव वारलेल्या वडिलांचे असते. तसे असेल तर वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. त्याशिवाय ती नीट विकता येणार नाही.

मग खालचा मजकूर वहीत उतरवा. रिकाम्या जागी नाव, नंबर, तारीख आणि वेळ घाला. गाडी देताना असाच कागद दोन प्रतींत करतात. दोघे सह्या करतात आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवतात.

"मी ______, गाडी नंबर ______, आज तारीख ______ रोजी ______ वाजता श्री. ______ राहणार ______ यांच्या ताब्यात दिली. ठरलेली रक्कम रुपये ______ मला मिळाली."