छपरावरचे पाणी आणि परसबागेचा हिशेब

'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा शाळेच्या भिंतीवर वाचतच आपण मोठे झालो. परंतु तिच्यामागचा पैशाचा हिशेब मी कधी मांडून पाहिला नव्हता. गेल्या वर्षी तो आईमुळे मांडावा लागला. छपरावरचे पाणी साठवून उन्हाळ्यात परसबाग जगवावी आणि टाक्यांसाठी बचत गटातून कर्ज काढावे, असे तिच्या मनात होते. ती म्हणाली, "तू कॉलेजात जातोस, मग एवढा हिशेब करून दाखव." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. परीक्षेतल्या कोणत्याही प्रश्नापेक्षा हा प्रश्न मला अवघड वाटला.

प्रथम पाणी किती मिळते ते पाहू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. आमचे पत्र्याचे छप्पर ३० चौरस मीटरचे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या भागात पाऊस बेताचाच. वर्षाला ५०० मिलिमीटर धरला, तर १५,००० लिटर होतात. सांडलवंड वजा जाता १२,००० लिटर तरी हाती यावेत.

आता गरज पाहू. वांगी, घेवडा, कढीपत्ता धरून बाग १० चौरस मीटरची. तिला उन्हाळ्यात रोज ५० लिटर, म्हणजे फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत ६,००० लिटर पाणी लागते. पाणी गरजेच्या दुप्पट निघाले! आई खूश झाली.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि पाणी हवे फेब्रुवारीनंतर. तोवर ते धरून ठेवायला हजार लिटरच्या सहा टाक्या लागतात. आमच्या बाजारात एक टाकी साडेसहा हजारांना मिळते. एकूण ३९,००० रुपये. पन्हळ, नळी आणि कर्जाचे व्याज वेगळेच. उलट ५,००० लिटरचा टँकर आमच्याकडे १,००० रुपयांना येतो. त्या दराने बागेचे पाणी वर्षाला १,२०० रुपयांचे झाले. म्हणजे नुसते मुद्दल फिटायलाच बत्तीस वर्षे लागतील!

याचे कारण उघड आहे. या टाक्या वर्षातून एकदाच भरणार आणि एकदाच रिकाम्या होणार. याउलट २०० लिटरचे जुने पिंप ६०० रुपयांना मिळते. नऊ मिलिमीटरच्या एका सरीत ते भरते. पावसाने दडी मारली, की बागेला चार दिवस पुरते आणि पुढच्या सरीला पुन्हा भरते. हंगामात असे दहा वेळा झाले, तरी ४०० रुपयांचे पाणी वापरात आले. दीड वर्षात पिंपाची किंमत वसूल! मात्र डास होऊ नयेत म्हणून त्यावर घट्ट झाकण हवे.

पिण्याच्या पाण्याची गोष्ट निराळी. कान्हेरीच्या लेण्यांत खडकात खोदलेल्या पोढी आहेत. जिथे दुसरे पाणीच नाही, तिथे साठवणीचा खर्च पैशात मोजता येत नाही. परसबागेला मात्र उन्हाळ्यात मोरीचे पाणी चालते. छपरावरचे उरलेले पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत सोडावे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनेही पाऊस टाकीत न भरता चर खणून, बंधारे घालून जमिनीतच साठवला.

आमच्या घरी कर्ज काढले नाही. पिंप आणले आणि शोषखड्डा आम्ही घरच्यांनीच खणला. घोषणेत 'अडवा' आहे, 'जिरवा' आहे, 'साठवा' नाही. त्यातले शहाणपण मला हा हिशेब केल्यावर कळले.

— द्वितीय वर्ष, कला